मुलींच्या रांगेचं कडवं

८ ऑक्टोबर २००६, रविवार

टप्. टप्-टप्. मग बराच वेळ काही नाही. मग एकदम मूठभर.

चिंचोलीच्या शाळेच्या टिनांवर चिंचा पडायच्या, तो हा आवाज. कविता चालू असली की त्र्यंबक गुरुजी तेवढ्यापुरते थांबायचे, वर बघायचे, आणि चिंचांचं बोलून झालं की पुढची ओळ घ्यायचे. आज पहाटे तोच आवाज ऐकून उठून बसलो. पाटी शोधायला हातसुद्धा गेला — उशीखाली! मग डोकं ताळ्यावर आलं. मागच्या अंगणात घरमालक वॉल्टची अवजारं ठेवायची टिनाची खोली आहे. तिच्यावर ओकच्या बिया पडत होत्या.

चिंचोलीत नाही मी. कॉर्बिन मिल्समध्ये आहे. न्यूयॉर्क राज्य म्हटलं की तिकडचे लोक उंच इमारती विचारतात. इथे उंच म्हणजे वॉल्टची चारा साठवायची टाकी. कॅनडा इतका जवळ की रेडिओ लावला तर फ्रेंच लागतं. गावात एक दवाखाना, तिथे माझी जागृती डॉक्टर. एक किराणा. एक चर्च — नाही, तीन चर्च. आणि एक हायस्कूल, आमच्या खिडकीसमोर, मैदानापलीकडे. लाल विटांचं. त्यात नेत्रा, माझी नात, अकरावीत.

शीला गेल्यावर मला इथे आणलं. सकाळी शाळेचा बँड सराव करतो, बेसूर. मला तो आवाज लागतो. तो आला की चहा होतो.

११ ऑक्टोबर

जागृती म्हणते, "बाबा, रोज लिहीत जा. विसरायला होतंय ना तुम्हाला."

विसरत नाही मी. सापडत नाही, एवढंच.

१४ ऑक्टोबर

आज पन्नास वर्षं झाली दीक्षेला. नागपूरला मुंगीला जागा नसेल. तेव्हा मी अठराचा, शीला सोळाची, नुकतंच लग्न झालेलं. तिने पांढरं लुगडं शेजारणीकडून मागून आणलं होतं. धुळीत बसायला तयार नव्हती. म्हटलं, अगं, सगळं जग बसलंय. "जगाला लुगडं परत द्यायचं नाहीये," म्हणाली.

सकाळी जागृतीने बाबासाहेबांच्या फोटोपुढे मेणबत्ती लावली, तिघांनी त्रिसरण म्हटलं, ती ड्यूटीला गेली. दुपारी नेत्रा मला मैदानावर घेऊन गेली. आज यांचं 'होमकमिंग'. या शाळेतून गेलेली माणसं वर्षातून एकदा परत येतात आणि मुलांचा सामना बघतात. ज्या साली शाळा सोडली त्या सालाची पाटी लावलेली असते, तिच्याखाली बसायचं. एकोणीसशे एकोणपन्नासच्या पाटीखाली एकटाच म्हातारा होता, चाकाच्या खुर्चीत. सगळ्या मैदानाने उभं राहून त्याच्यासाठी टाळ्या वाजवल्या. एकोणपन्नास साली मीही शाळेतच होतो. हात वर करावासा वाटला.

वॉल्ट शेजारी होता. एवढा धिप्पाड शेतकरी, पण एक बारीकशी म्हातारी समोरून गेली तर याने पटकन टोपी काढली. पेल्कीबाई. चाळीस वर्षं इथे इंग्रजी शिकवलं. निम्म्या गावाला कविता पाठ करायला लावल्या. "अजून दिसल्या की मला वाटतं, आता विचारतील," वॉल्ट म्हणाला. शाळेच्या पायरीवर त्यांचं नाव कोरलेलं आहे.

सामना हरले. मग कर्ण्यावरून सांगितलं — गुरुवारी सभा. हे हायस्कूल बंद करून वेस्ट हॅडलीच्या शाळेत मिळवायचं का, त्यावर गाव डिसेंबरात मत देणार. हो म्हणजे मिळवा, नाही म्हणजे राहू द्या.

टाळ्या एकदम थांबल्या. कोण कुणाकडे बघतंय तेच कळेना.

१९ ऑक्टोबर

घोटाळा झाला.

सभा शाळेच्या जिममध्ये. जागृतीला पेशंट, म्हणून नेत्रा आणि मी. दाराशी टेबल, टेबलावर कागद, पेन दोरीने बांधलेलं. पुढच्या माणसाने नाव लिहिलं नि आत गेला. मीही लिहिलं. आपल्याकडे कुठल्याही सभेला गेलं की आधी सही. ग्रामसभा, पतपेढी — शोकसभेलासुद्धा. नाव लिहिलं, गाव लिहिलं. शेवटच्या रकान्यात काय हवंय ते कळेना, म्हणून लिहिलं — प्रेझेंट. हजर.

तो कागद हजेरीचा नव्हता. ज्यांना बोलायचंय त्यांचा होता.

दोघं-तिघं बोलले. मग अध्यक्षांनी चष्मा वर केला. "मिस्टर बॅनू... डोकी? विषय... प्रेझेंट." लोक हसले.

"आजोबा, यू साइन्ड अप टू स्पीक," नेत्रा ओठ न हलवता म्हणाली.

"मी? मग आता?"

"नाऊ यू हॅव टू गो."

गेलो. पोस्टात उभी हयात काढली, भाषण कधी केलं नाही. माइक हनुवटीशी. तोंडात इंग्रजीचा एक शब्द येईना. आलं काय, तर गुरुजींची कविता! पुस्तकातली नव्हे, त्यांनी स्वतः केलेली.

झाड म्हणाले, पाखरांनो,
उडा, तुम्हांला फुटले पंख;
फांदी माझी सुनी जाहली
तरी मनाला नाही डंख.

आणि मी थांबलो. थांबलो म्हणजे — वाट बघत उभा राहिलो. कारण पुढचं कडवं मुलांचं नाहीच. गुरुजींनी रांगा पाडल्या होत्या. झाड म्हणजे मुलांची रांग, पाखरं म्हणजे मुलींची. आम्ही म्हणायचं, त्यांनी उत्तर द्यायचं. शीला मुलींच्या रांगेत होती. ती आणि मी दोघंही आपापल्या रांगेच्या शेवटी, दाराशी. आमच्या वस्तीतल्या पोरांची जागाच ती. मधे फक्त उंबरा. पुढे जन्मभर तेच चाललं — मी दाढी करताना झाड म्हणायचो, ती भाकरी थापता थापता पाखरं म्हणायची. मी तिचं कडवं कधी पाठ केलंच नाही. ती होती ना.

आणि आज तिथे, जिममध्ये, मी उभा. कुणी उत्तर देईना. पाखरं काय म्हणतात? डोकं स्वच्छ, धुतलेल्या पाटीसारखं.

पेल्कीबाई पुढच्या रांगेत होत्या. उठल्या आणि सरळ बाहेर निघून गेल्या.

मग कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनी. जागेवर येऊन बसलो. नेत्रा माझा हात धरून होती. 

२१ ऑक्टोबर

सकाळी वॉल्ट दूध घेऊन आला. मला तो बर्नी म्हणतो. "बर्नी, मधेच गळा दाटला तुझा. माझी बायको रडली. शाळा वाचवायची तर असं बोलावं."

दुपारी बँकेतली बाई भोपळ्याचा 'पाय' घेऊन आली, म्हणजे इथली गोड सारण भरलेली भाजलेली पोळी. ती 'हो'वाली. "शब्द नाही कळले मला, पण तुम्ही हात असा वर नेलात. मुलांना जाऊ द्या, हेच ना? फार धीराचं बोललात."

दोघांनाही थँक्यू म्हणालो. 'पाय' चांगला होता.

जागृती हसली नाही. "बाबा, मी दोन्ही बाजूंचं बीपी बघते. आता कुठेही सही करू नका."

पण पेल्कीबाई का उठल्या? काही वावगं झालं का माझ्याकडून? दुसऱ्याच्या शाळेत जाऊन आपल्या भाषेत बोललो म्हणून?

४ नोव्हेंबर

प्रफुल्ल आला एडिसनहून. आमचा जावई तिकडे कॉम्प्युटरच्या नोकरीत, जागृती इकडे. महिन्यातून दोनदा सहा-सात तास ड्राइव्ह करून येतो. आल्या आल्या फ्रीज उघडतो आणि म्हणतो, "हे काय यार, पुन्हा भोपळा?"

जेवताना विषय निघालाच.

"बाबा, सिंपल आहे," प्रफुल्ल म्हणाला. "जागृतीचं कॉन्ट्रॅक्ट जूनला संपतं. शाळा राहिली तर नेत्राची बारावी इथेच होऊ दे, जागृती एक्स्टेंड करेल. मर्जर झालं तर कशाला रोज तासभर बस? सरळ सगळे एडिसनला. तुम्हालाही बरं. ओक ट्री रोडला ज्वारीचं पीठ मिळतं. तुमच्या वयाचे चार काका बाकावर बसून मराठीत भांडत असतात."

"माझ्याशी कोण भांडेल?"

"एकदा राजकारणावर बोलून बघा, पुरे आहे."

हसलो. पण बरोबर आहे त्याचं. इतकं बरोबर आहे की त्यावर काही बोलताच येत नाही. मला काय पाहिजे? मला समोर शाळा पाहिजे. सकाळी बेसूर बँड, दुपारी मैदानावरचा गलका. एडिसनच्या घरापुढे हायवे आहे. मी बघितलाय.

हे कुणाला सांगायचं? अडुसष्ट वर्षांच्या माणसाने म्हणायचं, मला शाळेच्या आवाजात राहायचंय?

नेत्राला विचारलं, तुला काय हवंय गं?

"आय डोन्ट नो, आजोबा. एव्हरीबडी कीप्स आस्किंग." मग भांडी पुसता पुसता म्हणाली, "फिजिक्सचे सर टीव्हीवर असतात ना, वेस्ट हॅडलीहून. मी हात वर केला तर त्यांना दिसतच नाही."

दाराशी बसलेल्या पोराचाही हात गुरुजींना दिसत नसे. नंतर दिसायला लागला. तेव्हापासून मला कविता आवडतात.

आता मी कुणाच्या बाजूचा? झाडाच्या की पाखरांच्या?

११ नोव्हेंबर

किराण्यात पेल्कीबाई दिसल्या. मी हात जोडले. त्यांनी ढकलगाडी वळवली आणि बिस्किटांच्या रांगेत शिरल्या. तिथे त्यांना काही घ्यायचं नव्हतं. त्यांना साखर चालत नाही, जागृतीची पेशंट आहेत.

रागच आहे तर.

१७ नोव्हेंबर

नेत्राने जेवताना सहज सांगितलं. पेल्कीबाई निवृत्त झाल्या तरी शाळेच्या लायब्ररीत येतात, पुस्तकं लावतात. त्यांनी तिला बोलावून घेतलं. म्हणाल्या, तुझ्या आजोबांच्या कवितेचा अर्थ सांग.

"मग? काय सांगितलंस?"

"द ट्री सेज, फ्लाय. माझी फांदी रिकामी झाली तरी मला दुखणार नाही. दॅट्स इट, राइट?"

"पुढे आहे अजून."

"काय आहे?"

"ते तुझ्या आजीकडे आहे."

तिने माझ्या ताटात पापड ठेवला.

"आणि त्या काय म्हणाल्या?"

"नथिंग. शी जस्ट सेड, 'आह.' अँड आस्क्ड मी टू से इट अगेन."

राग नाही मग? की राग आहे म्हणूनच पुन्हा विचारलं? बाईंनी परत म्हणायला लावलं म्हणजे आमच्यावेळी चूक असायची.

जागृतीला विचारलं, आईचं कडवं आठवतं का. ती स्टेथोस्कोप गुंडाळत थांबली. नुसती चाल गुणगुणली — अगदी शीलाची चाल, शेवटी वर नेऊन सोडायची. "शब्द नाही आठवत बाबा. शेवटी 'दारी' होतं काहीतरी." मग तोंड धुवायला गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

१९ नोव्हेंबर

वर्ध्याला मोहनला फोन. धाकटा भाऊ, त्याच शाळेतला. "दादा, ते मुलींचं कडवं! आपल्याला काय माहीत?" मग म्हणाला, शाळेवर आता स्लॅब पडलाय. टिनं नाहीत. मी विचारलं, चिंचेचं झाड?

"कुठलं झाड?" म्हणाला.

२३ नोव्हेंबर

थँक्सगिव्हिंग. वॉल्टकडे जेवलो. टर्की नको म्हणालो तर बटाटे तिप्पट वाढले. वॉल्ट खुशीत आहे. "म्हातारी मतं आपली आहेत, बर्नी. पेल्कीबाई आणि त्यांचा पत्ते खेळायचा सगळा कंपू. त्या 'नाही'च म्हणणार. त्यांच्याशिवाय ही शाळा म्हणजे काय?"

ओकवर आता एकही पान नाही. बियाही संपल्या. टिनं गप्प.

५ डिसेंबर

आज मतदान. आम्हा कुणालाच मत नाही, आम्ही अजून इथले नागरिक नाही. जागृती दवाखान्यात, नेत्रा शाळेत. मी एकटा.

दुपारी आकाश काळं झालं आणि बर्फाचे बारीक खडे पडायला लागले. वॉल्टच्या टिनांवर. टप्. टप्-टप्. मग मूठभर. मी चहा गाळत होतो. सवयीने म्हणालो — झाड म्हणाले, पाखरांनो. चारही ओळी म्हटल्या. थांबलो.

आणि उत्तर आलं. आलं म्हणजे — माझ्याच तोंडून आलं, पण चाल तिची.

पाखरे म्हणती, झाडदादा,
दूर उडू, घेऊ भरारी;
दिवे लागता परतू तेव्हा
उभा असशिल ना रे दारी?

चहा सांडला. हे तर उलटंच! झाड म्हणतं, जा. पाखरं म्हणतात, जातो, पण तू राहा. मी सगळ्या गावासमोर झाडाचंच म्हणणं सांगून बसलो. पाखरांचं राहिलंच! आणि नेत्राने पेल्कीबाईंना तेवढंच सांगितलं.

कोट चढवला, टोपी विसरलो, मैदान ओलांडून निघालो. बर्फ तोंडावर. घसरलो एकदा. मतदान जिममध्येच. दाराशी पोचलो, तर पेल्कीबाई बाहेर येत होत्या. कोटावर गोल कागद चिकटवलेला, मत दिलं असं लिहिलेला.

माझ्याकडे पाहिलं. मान हलवली, हळूच. ओल्या पायऱ्या धरून धरून उतरल्या. स्वतःच्या नावावर पाय न देता, बाजूने.

मी उंबऱ्याशी तसाच उभा. दारातल्या पोलिसाने विचारलं, "काही मदत?"

काय मदत मागायची?

घरी आलो. त्या काय बोलल्या असतील त्या मानेने? मत नाहीच दिलं असणार त्यांनी शाळेविरुद्ध. वॉल्ट म्हणतोच. मी उगाच पळालो. म्हातारा माणूस, बर्फात, कवितेसाठी.

६ डिसेंबर, सकाळ

'हो' जिंकलं. मूठभर मतांनी. शाळा जाणार.

वॉल्ट आला, दूध ठेवलं, बसला नाही. "कुणाची फिरली तेच कळत नाही. म्हातारी मतं गेली कुठे?" टोपी हातात घेऊन फिरवत राहिला.

नेत्रा नेहमीसारखी शाळेत गेली. जागृतीने प्रफुल्लला फोन केला. "एडिसन" एवढंच ऐकू आलं. मग माझ्याजवळ येऊन म्हणाली, "बाबा, शाळा जवळ असेल असं घर बघू या तिथे. असेल कुठेतरी."

तिला कसं कळलं? मी तर कुणाला बोललो नाही.

आज महापरिनिर्वाण दिन. खिडकीत मेणबत्ती लावली. समोर बँड वाजत होता. बेसूर.

६ डिसेंबर, संध्याकाळ

दार वाजलं. वॉल्ट असेल म्हणून उघडलं.

पेल्कीबाई. टोपीवर बर्फ. आमच्या दाराशी बुटांची रांग बघून त्यांनीही बूट बाहेरच काढलेले. मोज्यांवर उभ्या.

"मी हो म्हटलं," त्या म्हणाल्या. "माझ्या पत्त्याच्या मैत्रिणींनाही तेच सांगितलं. जन्मभर त्या फांद्या घट्ट धरून बसले होते मी. त्या दिवशी तुम्हाला ऐकलं आणि का कोण जाणे, रडू आलं, म्हणून उठून गेले. नंतर तुमच्या नातीने अर्थ सांगितला. गावात कुणाला हे सांगायची सोय नाही. तुम्हाला सांगावंसं वाटलं."

मग म्हणाल्या, "नेत्रा म्हणते, कविता पुढे आहे. पाखरं काय म्हणतात?"

त्या माझ्याकडे वर बघत होत्या, धडा विचारणाऱ्या पोरीसारख्या. चारही ओळी माझ्या जिभेवर होत्या.

म्हटलं, ती रांग माझ्या बायकोची. मला पाठ नाही. आत या, पाय गारठले असतील.